नऊ नंबरची जागा : बडोद्यातल्या एका फॉरवर्डचं प्रकरण

मुलगा बडोद्याचा, मराठी घरातला. जन्म डिसेंबर २००३, म्हणजे २०२३ च्या उन्हाळ्यात वय एकोणीस. मैदानावरची जागा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यात पुढे, मध्ये राहून गोल करणारा; खेळाडूंच्या बोलीत नऊ नंबर. शिक्षण बी.कॉम.चं दुसरं वर्ष, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. घर दांडिया बाजारात, वडील पश्चिम रेल्वेत प्रतापनगरला, आई शाळेत शिक्षिका. आजोबा तरुणपणी प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचे, त्यामुळे घरात खेळाला विरोध कधीच नव्हता. फक्त फुटबॉलवर पोट भरतं हे त्या घरात कोणी पाहिलेलं नव्हतं.

मी बडोद्यात मुलांना फुटबॉल शिकवतो. हा मुलगा माझ्याकडे लहानपणापासून आहे, म्हणून निर्णयाच्या वेळी घरच्यांनी मला बसवून घेतलं. त्यांच्या संमतीनं हे लिहितो आहे. मुलाचं आणि क्लबांची नावं मुद्दाम देत नाही.

आधी एक पार्श्वभूमी. बडोदा क्रिकेटचं गाव. विजय हजारे, दत्ताजीराव आणि अंशुमन गायकवाड, किरण मोरे, नयन मोंगिया, पठाण बंधू, पंड्या बंधू. ज्या गावानं इतके कसोटीवीर आणि भारताचे खेळाडू दिले, तिथे मुलगा जरा चपळ दिसला की त्याला मोतीबागेच्या क्रिकेट मैदानाकडे नेतात. फुटबॉलला येतात ती बहुतेक मुलं क्रिकेटमधून राहिलेली, किंवा हट्टी. हा दुसऱ्या प्रकारातला. त्यात डिसेंबरचा जन्म. आपल्याकडे फुटबॉलमधल्या वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात धावतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी या अकरा महिन्यांत हातभर उंचीचा फरक असतो, आणि निवड करणाऱ्याचे डोळे उंच मुलाकडे जातात. जगभरच्या अकादम्यांत हे वारंवार दिसून आलं आहे. आमचा मुलगा वयोगटांच्या निवडीत दोनदा मागे राहिला त्याचं माझ्या मते हेच कारण. सतराव्या वर्षी उंची आली, आणि विद्यापीठाच्या डी. एन. हॉलच्या मैदानावर बाहेरचे प्रशिक्षक त्याला बघायला थांबू लागले.

तीन वाटा

पहिली वाट : देशाच्या सर्वोच्च लीगमधल्या एका क्लबच्या राखीव संघाचा करार. एक वर्ष पक्कं, दुसरं क्लबच्या मर्जीवर. पगार चांगला, राहणं-जेवण क्लबचं, मैदान, फिजिओ, जिम सगळं उत्तम. अट तोंडी होती, पण स्पष्ट होती : तिथल्या प्रशिक्षकांना तो उजव्या बाजूला विंग-बॅक म्हणून, म्हणजे कडेनं वर-खाली धावणारा बचावपटू म्हणून हवा होता. वेग आहे, दमसास आहे, पुढच्या मधल्या जागेसाठी परदेशी खेळाडू आहेत, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी वाट : शेजारच्या राज्यातला एक छोटा क्लब, खालच्या पातळीच्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळणारा. पगार पहिल्याच्या निम्म्याहून कमी, तोही मोसम संपेपर्यंतच. वसतिगृहाची खोली, मेसचं जेवण. संघात परदेशी खेळाडू नाही. त्यांना हवा होता तो नऊ नंबरच.

तिसरी वाट वडिलांची : कुठेही जाऊ नको, विद्यापीठाकडून आणि राज्याकडून खेळ, पदवी पुरी कर आणि रेल्वेच्या क्रीडा कोट्यात बस.

पहिल्या बैठकीत घरातला कल उघड होता. मुलाला पहिली वाट हवी होती, वडिलांना तिसरी. दुसऱ्या वाटेचा कागद टेबलावर सगळ्यात खाली पडला होता.

फॉरवर्डची अडचण

या प्रकरणात बचावपटू किंवा मिडफिल्डर असता तर मी कदाचित पहिल्या वाटेला लगेच हो म्हटलं असतं. फॉरवर्डचं गणित वेगळं आहे, आणि भारतात तर फारच वेगळं.

इंडियन सुपर लीग, म्हणजे आताची सर्वोच्च लीग, २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी चालत. २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. संख्या कमी झाली, पण क्लब पैसे खर्च करतात ते कुठल्या जागांवर? गोल करणाऱ्या जागेवर सगळ्यात आधी. आम्ही बसलो तोवर लीगचे नऊ मोसम झाले होते आणि सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकाही भारतीयानं घेतलेला नव्हता. एलानोपासून ओगबेचेपर्यंत आणि पुढे दिएगो मॉरिसिओपर्यंत, सगळे बाहेरचे. २०२५ पर्यंतच्या पुढच्या दोन मोसमांतही चित्र तेच राहिलं. भारतीय फॉरवर्डला कडेला ढकलायचं, ही त्या व्यवस्थेची सवय झाली आहे. खुद्द सुनील छेत्री बेंगळुरूकडून २०१७-१८ मध्ये खेळला तेव्हा मध्ये मिकू हा परदेशी फॉरवर्ड असायचा आणि छेत्री बहुतेक वेळा डावीकडून आत यायचा. त्याने त्या मोसमात १४ गोल केले, कारण तोवर त्याच्या अंगात पंधरा वर्षांचा नऊ नंबर मुरलेला होता. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या अंगात तो मुरायचाच असतो.

याचा राष्ट्रीय संघावर काय परिणाम झाला हे सगळ्यांनी पाहिलं. छेत्री जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झाला, आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्याला परत बोलवावं लागलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने ९५ वा आंतरराष्ट्रीय गोल केला. त्याचा आनंद मलाही झाला, पण दीडशे कोटींच्या देशाला त्या जागेवर दुसरा माणूस सापडू नये याचं दुःख त्याहून मोठं आहे.

नऊ नंबरला नेमकं काय शिकावं लागतं ते घरच्यांना कळावं म्हणून मी मुलाच्या सामन्यांचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ लावले. एक गोल पुन्हा पुन्हा दाखवला. चेंडू उजव्या कडेला आहे. हा पेनल्टी स्पॉटच्या जरा मागे, बचावपटूच्या पाठीआड उभा. आधी दोन पावलं लांबच्या खांबाकडे टाकतो. बचावपटू त्याच्याबरोबर सरकतो आणि मग क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, येतो का हे बघायला मान वळवतो. ती मान वळली त्या क्षणी हा त्याच्या नाकासमोरून जवळच्या खांबाकडे कापतो. चेंडूला स्पर्श एकच, उजव्या पायाच्या आतल्या बाजूचा. आईला आधी फक्त शेवटचा स्पर्श दिसला होता. तिसऱ्यांदा बघताना त्या म्हणाल्या, "अरे, हा तर आधीच निघालाय!"

हे निघणं सरावात शिकवता येतं, पण पक्कं होतं ते सामन्यातच. पेनल्टीचे चारांपैकी साधारण तीन गोल होतात. चालू खेळातल्या फटक्यांचा हिशेब फार वाईट, दहातला जेमतेम एक. म्हणजे फॉरवर्डचं बरंचसं काम चुकण्याचं असतं, आणि नऊ वेळा चुकून दहाव्यांदा त्याच जागी, त्याच वेगानं जाण्याची सवय म्हणजे फॉरवर्ड. विंग-बॅकच्या जागी हा मुलगा सामनाभर पन्नास-साठ मीटर वर-खाली धावेल, क्रॉस देईल, मागे येऊन अडवेल. चांगला खेळाडूही होईल. पण तो कापून जाणारा मुलगा दोन वर्षांत हरवेल.

बाकावरचा फोटो

मुलाकडे उत्तर तयार होतं. त्याने फोनवर एक प्रसिद्ध फोटो काढला : मे २०१३, वॉटफर्डला लेस्टर या इंग्लिश क्लबचा प्लेऑफ सामना, आणि लेस्टरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले हॅरी केन आणि जेमी वार्डी, पुढे नावाजलेले दोन फॉरवर्ड. "काका, हे दोघं पण बाकावरच होते ना?"

प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून त्यावर आम्ही बराच वेळ घालवला. वार्डीला सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेन्सडेनं सोडलं. त्यानंतर तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स, हॅलिफॅक्स, फ्लीटवूड अशा खालच्या लीगमधल्या क्लबांत खेळत राहिला, दिवसा कारखान्यात काम करून. २०१२ मध्ये लेस्टरनं त्याला दहा लाख पौंडांना घेतलं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. केन त्या फोटोत एकोणीस वर्षांचा आहे, म्हणजे आमच्या मुलाएवढाच. पण तोही त्याआधी टॉटनहॅमकडून उधारीवर लेटन ओरिएंटला आणि मिलवॉलला जाऊन आला होता, आणि मिलवॉलकडून मोठ्या माणसांच्या लीगमध्ये नियमित खेळून त्याने नऊ गोल केले होते. बाकावरचा तो फोटो त्या सगळ्या सामन्यांनंतरचा आहे. आणि दोघेही बाकावर बसले ते फॉरवर्ड म्हणूनच.

मोठ्या क्लबच्या प्रशिक्षकांनी मुलाला फ्रान्सचा नावाजलेला फॉरवर्ड थिएरी हेन्री याचं उदाहरण दिलं होतं : तोही कडेला खेळायचा, मग मध्ये आला. खरं आहे. १९९९ मध्ये युव्हेंटसकडून आर्सेनलला आला तेव्हा तो कडेचा खेळाडूच होता. पण त्याला मध्ये आणणारे प्रशिक्षक आर्सेन वेंगर त्याला नवखे नव्हते, मोनॅकोत १९९४ मध्ये त्याचा पहिला सामना त्यांनीच त्याला खेळवला होता. ओळखीचा प्रशिक्षक पाच वर्षांनी दुसऱ्या देशात पुन्हा भेटेल आणि आपली जागा परत देईल, या भरवशावर करार करायचा नसतो.

आणखी एक गोष्ट मुलाला कोणी सांगितलेली नव्हती. राखीव संघ ज्या विकास लीगमध्ये उतरतो ती मुख्यतः एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. हा लवकरच वीसचा होणार. म्हणजे तिथे त्याला हाताशी एखादाच मोसम, त्यानंतर थेट मुख्य संघाचं दार, जिथे त्याच्यासमोर तयार विंग-बॅक आणि तयार परदेशी फॉरवर्ड दोन्ही उभे.

रेल्वेचा हिशेब

वडिलांची बाजू मी कधीच हलकी मानली नाही. भारतीय फुटबॉल नोकरीच्या आधारावर वाढला आहे. आय. एम. विजयन त्रिशूरच्या मैदानावर सोडा विकणारा मुलगा, केरळ पोलिसांनी घेतला आणि पुढे देशाचा कर्णधार झाला. राज्यांच्या संतोष ट्रॉफी स्पर्धेत आजही रेल्वे आणि सैन्यदल आपापले संघ उतरवतात.

पण कोटा म्हणजे ठेवलेली जागा, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. म्हणून भरतीचे नियम काढून वाचले. वय १८ ते २५, सवलत नाही. शंभर गुणांपैकी ४० चाचणीतल्या खेळाचे, ५० स्पर्धांतल्या कामगिरीचे, १० शिक्षणाचे. कामगिरी धरतात ती चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतली, तीही ठरावीक स्पर्धांतली. स्पर्धा कोणती आणि तिथे क्रमांक कितवा यावर सगळं अवलंबून. क्लबच्या सरावाला, राखीव संघाच्या टी-शर्टला गुण नाहीत. आणि खेळाडू चालू खेळाडू असावा लागतो.

इथे प्रकरणाला वळण मिळालं, आणि ते वडिलांनीच दिलं. कागदावर पेन टेकवून ते म्हणाले, "म्हणजे डिसेंबर २०२८ पर्यंत वेळ आहे. मग आत्ताच कशाला बसायचं?" रेल्वे आणि क्लब या दोन विरुद्ध वाटा आहेत असं तोवर सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात त्या एकामागून एक घेता येत होत्या. अट एकच : मधल्या वर्षांत मुलगा खेळत राहिला पाहिजे. बाकावर गेलेलं वर्ष फॉरवर्ड म्हणूनही जातं आणि भरतीच्या गुणांतूनही जातं. त्या दिवसापासून घरातला प्रश्न "कुठला क्लब मोठा" असा राहिला नाही. "कुठे जास्त मिनिटं, आपल्या जागेवर" असा झाला. मग तळातला कागद वर आला.

करार

खेळवण्याची हमी कुठलाच क्लब लिहून देत नाही, आणि देऊही नये, संघ निवडणं हे प्रशिक्षकाचं काम आहे. फिफाच्या नियमांत एक तरतूद आहे : मोसमातल्या दहा टक्क्यांहून कमी अधिकृत सामन्यांत खेळायला मिळालं तर खेळाडूला करार मोडण्याचं खेळविषयक सबळ कारण मिळू शकतं. पण ती प्रस्थापित व्यावसायिकासाठी आहे. पहिल्याच करारातल्या मुलाला तिचा आधार नाही. म्हणून आम्ही क्लबला हमी मागितली नाही, प्रश्न विचारले. संघात सेंटर फॉरवर्ड किती? तुम्ही एक खेळवता की दोन? गेल्या मोसमातला नऊ नंबर कुठे गेला? प्रशिक्षकांनी फोनवर सरळ उत्तरं दिली : तो नोकरीला लागला, जागा रिकामी आहे, दुसरा मुलगा सतरा वर्षांचा आहे.

सगळ्यात मोलाचा प्रश्न आईंचा होता : "याला लागलं तर पगार चालू राहणार का?" दोन्ही करारांत उपचारांचा उल्लेख होता, पगाराचा नव्हता. मोठ्या क्लबच्या गुळगुळीत छापील करारातही नव्हता. फॉरवर्डच्या आयुष्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच, कारण पूर्ण वेगानं धावताना सर्वांत जास्त तुटतो तो मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, आणि नऊ नंबर दिवसभर तेच करतो.

छोट्या क्लबकडे तीन गोष्टी लेखी मागितल्या. सामन्यात किंवा सरावात दुखापत झाली तर उपचारांचा खर्च आणि मुदत संपेपर्यंत पगार. मोसम संपल्यावर कुठलीही रक्कम न घेता मोकळीक आणि ना-हरकत पत्र. विद्यापीठाच्या परीक्षेसाठी रजा. पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या. तिसऱ्यावर म्हणाले, सामन्याचा दिवस नसेल तर. तेवढ्यावर सही झाली. मोठ्या क्लबला मुलानं स्वतः फोन करून नकार कळवला. तो फोन करताना त्याचा आवाज कापत होता. त्या वयात इतकं मोठं दार स्वतःच्या हातानं लावायला जे लागतं ते त्याने दाखवलं.

पुढे काय झालं

लीग छोटी होती, काही आठवड्यांत आटोपली. तो बहुतेक सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, गोल थोडे केले, चुकवले पुष्कळ. व्हिडिओ माझ्याकडे यायचे. पहिल्या सामन्यांत तो चेंडू मागायला सारखा मागे येत होता, मोठ्या अंगाच्या बचावपटूंपासून पळ काढत होता. शेवटच्या सामन्यांत त्यांच्या अंगाला अंग लावून उभा होता. मला हवं होतं ते एवढंच, आणि विद्यापीठाच्या मैदानावर ते मिळालं नसतं.

मग हॅमस्ट्रिंग गेलीच. करारातल्या ओळीनं आपलं काम केलं, उपचार झाले, पगार आला. परतताना फिजिओनं नॉर्डिक व्यायाम लावला : गुडघ्यावर बसायचं, कोणी घोटे धरायचे, आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. हा व्यायाम नेमानं करणाऱ्या संघांत अशा दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. फुकटचा आहे, जागा लागते सतरंजीएवढी. तेव्हापासून माझ्याकडच्या सगळ्या मुलांना तो सक्तीचा आहे.

मे २०२४ मध्ये अहमदाबादच्या ‘एका अरीना’ या मैदानावर गुजरात सुपर लीगचा पहिला मोसम झाला, सहा संघांचा, त्यात वडोदरा वॉरियर्सही. आमचा मुलगा त्या सहांपैकी एका संघात होता. घरच्यांनी त्याला दिव्यांच्या उजेडात, भरलेल्या स्टँडसमोर खेळताना प्रथमच पाहिलं. आजोबांनी शेजारच्या प्रेक्षकाला त्याचं "आधीच निघणं" समजावून सांगितलं.

छोट्या क्लबला पुढच्या वर्षी पैसे जमेनात. मोकळीक लेखी होती, म्हणून हा आठवड्याभरात दुसरीकडे गेला, पुन्हा नऊ नंबर म्हणूनच. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा मोसम बेमुदत लांबला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. काही क्लबांनी पगार थांबवले. देशाच्या सर्वोच्च लीगमधले खेळाडू घरी बसून फोनची वाट बघत होते, आणि त्यात या मुलाचे दोन मित्रही होते. त्यांची हालत बघून वडील पुन्हा अस्वस्थ झाले. या वेळी मुलानंच प्रमाणपत्रांची फाइल त्यांच्या हातात दिली : पदवी, विद्यापीठ, राज्य, वर्षवार लावलेली. भरतीची जाहिरात आली की अर्ज वडील भरणार, चाचणीला मुलगा जाणार. निवड झाली तर रेल्वेकडून खेळेल, नाही झाली तर वय शिल्लक आहे.

सध्या त्याच्यापुढे नवा करार आहे, एक पायरी वरच्या क्लबचा. तो त्याने स्वतः वाचला आणि मला फोन केला तो एका कलमासाठी. दुखापतीत पगार चालू राहील असं लिहिलंय, पण क्लबच्याच डॉक्टरनं ती दुखापत खेळातली ठरवली तर. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क खेळाडूला हवा, असं त्याने त्यांना लिहून पाठवलं आहे. क्लबचं उत्तर यायचं आहे.